गाण्याचा नंबर कोण लावतो?

दौंड तालुक्यातले केडगाव रेल्वेने जाणाऱ्याला पुणे-दौंड मार्गावरचे स्टेशन म्हणून ठाऊक असते आणि रस्त्याने जाणाऱ्याला चौफुल्याजवळचे गाव म्हणून. ऊस, गुऱ्हाळे आणि कांद्याचा बाजार ही त्याची नेहमीची ओळख. गाण्याच्या दृष्टीने मात्र हा टापू फार श्रीमंत आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शतकाहून अधिक काळ मराठी ख्रिस्ती भजने गायली जात आहेत. बेट केडगावला नारायण महाराजांच्या दत्तमंदिरात आरत्या आणि पदे चालतात. आणि चौफुल्याच्या कला केंद्रांत ढोलकी कडाडते, घुंगरू बांधले जातात, नाचगाण्याची संगीत बारी रंगते. या तिन्ही ठिकाणची गाणी कितीतरी माणसांना तोंडपाठ आहेत. तरीही ‘लोकप्रिय गाणी’ म्हणून ज्या याद्या गेली सत्तर वर्षे वाचल्या आणि ऐकल्या गेल्या, त्यांत या तिन्ही ठिकाणांचा मागमूस नाही. ही गाणी कमी आवडीची आहेत म्हणून असे झाले, हे मला पटत नाही. याद्या कुणी केल्या, कशासाठी केल्या आणि कुठे बसून केल्या, यात त्याचे कारण आहे. यादी एका ठरावीक गल्ल्यात जमलेला पैसा मोजते आणि त्यालाच लोकांची आवड म्हणते. ज्यांचा पैसा दुसऱ्या गल्ल्यात पडतो, त्यांची आवड तिला दिसत नाही. चौफुल्याचा गल्ला असाच न दिसणारा आहे.

हे समजून घ्यायला १९५२ हे एक साल पुरते. त्याआधी ब्रिटनमध्ये गाण्याची लोकप्रियता मोजत ती छापील स्वरलिपीच्या खपावर. घरी पियानोवर वाजवायला लोक कोणत्या गाण्याचे कागद विकत घेतात, त्यावरून गाणे किती चालते ते ठरे. १९५२ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी सुमारे वीस रेकॉर्डविक्रेत्यांना फोन केले, कोणत्या तबकड्या जास्त खपल्या ते विचारले, आकडे जुळवले आणि १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात यादी छापली. क्रमांक बाराच होते, पण काही जागांवर बरोबरी झाल्यामुळे तबकड्या पंधरा होत्या. पहिल्या क्रमांकावर अल मार्टिनो या अमेरिकन गायकाचे गाणे आले आणि ते नऊ आठवडे तिथेच राहिले. डिकिन्स साप्ताहिकाची जाहिरातींची बाजू पाहत. रेकॉर्ड कंपन्यांनी जाहिराती द्याव्यात, हा या यादीमागचा सरळ हेतू होता. यात काही गैर नव्हते. साप्ताहिक चालवायला पैसा लागतोच. पण ज्याला आज ब्रिटनमधल्या लोकप्रिय संगीताचा अधिकृत इतिहास मानतात, त्याची सुरुवात वीसएक दुकानांना केलेल्या फोनपासून होते, हे विसरता येत नाही. सबंध देशाची आवड त्या वीस गल्ल्यांवर ठरली.

या घटनेला तीन आठवडेही उलटले नव्हते, तेव्हा कोलंबोत दुसरी गोष्ट घडली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी त्या वेळी जेमतेम विशीत होते. टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी काढलेला हा कार्यक्रम सुरुवातीला स्पर्धेच्या रूपात होता. सात गाणी वाजत, श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावून पत्र पाठवायचे, आणि बरोबर आलेल्यांसाठी शंभर रुपयांचे बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे ती सांभाळणे अवघड झाले आणि १९५४ च्या अखेरीपासून क्रमवारीची पद्धत आली. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते जुळवून ‘पायदान’ ठरू लागले. माझ्या मते श्रोता संघांचा हा भाग लंडनच्या यादीपेक्षा थोर होता. तबकडी विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूसही पोस्टकार्डावर आपले मत देऊ शकत होता. मात्र ही मोजदाद हिंदी चित्रपटगीतांची होती. मराठी माणूस बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओभोवती बसून तिच्यात मनापासून सामील झाला, पण त्याचे स्वतःच्या भाषेतले गाणे तिच्यात नव्हते.

सिलोनला हे जमले, कारण आकाशवाणीने जागा मोकळी सोडली होती. १९५२ मध्येच बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकर मराठी होते, पुण्यात जन्मलेले होते, शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. त्यांच्या धोरणाचा फटका सिनेगीतांना बसला, हे सर्वांना आठवते. त्याआधी झालेली दोन कामे मात्र फार कुणाला आठवत नाहीत, आणि चौफुल्याच्या दृष्टीने तीच मोठी आहेत. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला मनाई केली, आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. पेटीवाचून संगीत बारी उभी राहत नाही; बैठकीच्या लावणीत गाणारीच्या सुराला पेटी सतत धरून असते. दुसरे, सरदार पटेल या खात्याचे मंत्री असताना, १९४६-४७ च्या सुमारास, ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना रेडिओची दारे बंद करण्यात आली. नाचगाण्यावर पोट असलेल्या घराण्यांतल्या बायका या एका वाक्याने बाहेर गेल्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावरही बंदी घातली होती. कलावंतांनी गाऱ्हाणे मांडल्यावर ती अटी घालून उठवली. म्हणजे गाणी मोजायला ज्या काळात सुरुवात झाली, त्याच काळात लावणी गाणाऱ्या बाईचा आवाज, तिचे वाद्य आणि तिचा मंच हे तिन्ही मोजणीच्या कक्षेबाहेर काढले गेले होते.

यावर कुणी म्हणेल की लावणी तर घराघरांत पोहोचली. खरे आहे. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. गदिमांचे शब्द, वसंत पवारांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज असलेली ‘बुगडी’ची लावणी लोकांनी डोक्यावर घेतली. १९७२ मध्ये शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ आला. राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गीते, उषा मंगेशकरांचा आवाज. सुलोचना चव्हाण यांना तर महाराष्ट्राने लावणीसम्राज्ञी म्हटले; गिरगावात वाढलेल्या सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन लावणी गात. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे, आणि त्यात कणभरही उणेपणा मला दाखवायचा नाही. पण तबकडीवर पोहोचलेला आवाज बारीतल्या बाईचा नव्हता. तिने शतकभर जपलेली ठेवण, तिचे शब्द फेकणे, तिची मुरकी स्टुडिओने उचलली आणि घरंदाज मानल्या गेलेल्या गळ्यातून ती विकली गेली. पुढे त्याच तबकड्या ऐकून बारीतल्या बायकांनी ती गाणी बसवली, कारण प्रेक्षक तीच मागू लागला. विक्रीची नोंद तबकडीच्या नावावर पडली; मूळ ठेवणीच्या नावावर काहीच पडले नाही.

ब्रिटनमध्ये सारे नीट मोजले जात होते आणि फक्त आपल्याकडेच गोंधळ होता, असा समज कुणी करून घेऊ नये. १९६३ मध्ये बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’च्या यादीत पहिले होते आणि ‘रेकॉर्ड रिटेलर’च्या यादीत दुसरे. पुढे अधिकृत इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या काळासाठी दुसरी यादी प्रमाण मानली, म्हणून आज ते गाणे पुस्तकात पहिल्या क्रमांकाचे नाही. १९७७ मध्ये राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या आठवड्यात सेक्स पिस्टल्सच्या राणीविरोधी गाण्यावर बीबीसीने बंदी घातली, काही मोठ्या दुकानांनी ते विकायला नकार दिला, आणि यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर थांबले. ते खरे पहिले होते की नाही यावर आजही वाद आहे. सर्वांत बोलके उदाहरण मात्र भांगड्याचे. १९८० च्या दशकात साउथॉल आणि बर्मिंगहॅमच्या पंजाबी वस्त्यांत ‘अलाप’, ‘हीरा’ अशा गटांच्या कॅसेट झपाट्याने खपत होत्या. त्या विकल्या जात किराणामालाच्या, साड्यांच्या, मिठाईच्या दुकानांत. यादीसाठी आकडे पाठवणारी दुकाने दुसरी होती. त्यामुळे लग्नालग्नांतून वाजणारे ते संगीत देशाच्या यादीत जवळजवळ उमटलेच नाही. मोजणारे लबाड नव्हते. मोजणी जिथे होत होती तिथे पंजाबी गिऱ्हाईक जात नव्हते, इतकेच. केडगाव-चौफुल्याची गोष्ट हीच आहे.

आता चौफुल्याला प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. ढोलकी फडाचा तमाशा गावोगाव फिरतो. त्यात गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा पसारा असतो. संगीत बारी एका ठिकाणी राहते आणि तिचा गाभा गाणे आणि नाच हाच असतो. एका थिएटरमध्ये अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात. प्रत्येक पार्टीची एक मालकीण, तिच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. रंगमंचावर पार्ट्या पाळीपाळीने येतात. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक गाणे मागतो, नोट पुढे करतो, आणि ते गाणे होते. ज्यांना निवांत ऐकायचे असते ते वेगळ्या खोलीत बैठक लावतात. तिथे रात्र जशी चढते तशी गाण्यांची जातही बदलते. आधी चालू सिनेमातले, मग जुने सिनेमातले, आणि जाणकार बसला असेल तर शेवटी बैठकीची पारंपरिक लावणी, जिच्यात पाय फारसे हलत नाहीत, सगळे काम चेहऱ्यावर, हातावर आणि शब्दाच्या उच्चारावर असते. दौलतजादा जमते, तिचे वाटे पडतात. ऊस कारखान्याला गेला, गुळाचे पैसे आले, कांद्याला भाव मिळाला की त्याचा परिणाम या फर्माइशींवर दिसतो. दर रात्री, दर खोलीत, पैसे देऊन मागितलेल्या गाण्यांची ही मालिका चालते. ब्रिटनमधल्या त्या वीसएक दुकानांत जे घडत होते त्याहून हे तत्त्वतः वेगळे नाही: माणसे पैसे मोजून गाणे मागत आहेत. फरक एवढाच की तिथे कुणी फोन करून विचारले आणि लिहून घेतले. इथे कुणी विचारले नाही.

किंबहुना फर्माईश एक गोष्ट तबकडीच्या यादीपेक्षा चांगली मोजते, आणि तिच्याकडे माझे सर्वांत जास्त लक्ष आहे. तबकडी एकदा विकत घेतली की एकदाच मोजली जाते. ती घेणाऱ्याने पुढची चाळीस वर्षे रोज ऐकली काय किंवा कोपऱ्यात टाकली काय, यादीच्या लेखी दोन्ही सारखेच. फर्माईश मात्र दर वेळी नव्याने, पुन्हा पैसे देऊन होते. म्हणून ती गाण्याचे आयुष्य मोजते. ‘बुगडी’ला १९५९ मध्ये कोणताही क्रमांक नव्हता, पण ती आजही बारीत होते. १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ प्रदर्शित झाला, अजय-अतुल यांच्या संगीतातल्या बेला शेंडे यांच्या लावण्या लगेच मंचावर आल्या आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांची मागणी संपलेली नाही. आठवड्याच्या यादीला ही टिकाऊ वृत्ती नीट पेलत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ऑनलाइन ऐकणे मोजू लागले, तेव्हा जुनी गाणी यादीत ठाण मांडून बसू लागली. २०१७ मध्ये एड शीरनच्या एकाच अल्बमची सोळाच्या सोळा गाणी पहिल्या विसांत आली, तेव्हा नियम बदलले: एका कलावंताची तीनच गाणी, आणि उतरणीला लागलेल्या जुन्या गाण्याच्या ऐकण्याला निम्मे मोल. २०२२ मध्ये केट बुशचे १९८५ मधले गाणे एका मालिकेमुळे पुन्हा उसळले, तेव्हा त्याच्यासाठी हा नियम बाजूला ठेवावा लागला आणि मगच ते पहिले आले. जुने गाणे लोकांना आवडत राहते, ही बाब त्या यादीसाठी अडचण ठरली. बारीत ती अडचण कधीच नव्हती.

याच संदर्भात १९९८ सालचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘कॉर्नरशॉप’ या ब्रिटिश गटाचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आधीच्या वर्षी ते साठाव्या क्रमांकावर येऊन गळाले होते. नॉर्मन कुकने नवी बांधणी केल्यावर ते वर चढले. गाणे आशा भोसले यांच्या गौरवाचे आहे. सांगलीत जन्मलेल्या, बारीच्या ढंगातली लावणी महाराष्ट्रभर पोहोचवणाऱ्या गायिकेचे नाव अशा रीतीने ब्रिटनच्या यादीच्या शेंड्यावर गेले. मला याचा अभिमान वाटतो. पण त्यांच्या मराठी गाण्यांना आपल्याकडे कधी क्रमांक नव्हता, हेही त्याच वेळी टोचते.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा येईल: फर्माईश ही लोकांची आवड कशी? ती खिशात पैसा असलेल्या थोड्या पुरुषांची आवड. त्यांना गाणे हवे असते की गाणारी, हेही सांगता येत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. बैठकीत बाईला नकार देण्याची मोकळीक नेहमी असते असे नाही, आणि कोल्हाटी समाजातल्या कितीतरी मुलींच्या वाट्याला हे आयुष्य निवडीने आलेले नाही. ते झाकून तिथल्या गाण्याचे गोडवे गाणे अप्रामाणिक ठरेल. शिवाय तिथे स्त्री श्रोती जवळजवळ नसतेच. केडगाव परिसरातल्या बायका काय गात होत्या, हे चौफुल्याच्या फर्माइशीवरून कळणार नाही. त्यासाठी जात्यावरच्या ओवीकडे जावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यातून हे काम केले, महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव, गाव यांसह त्या नोंदवल्या. मराठी गाण्याची एवढी काळजीपूर्वक झालेली दुसरी नोंद क्वचितच असेल, आणि तिच्यात एक रुपयाही विक्री नव्हती. तेव्हा फर्माईश अपुरी आहे, हे खरेच. पण पैशाचा हाच दोष दुकानाच्या यादीतही आहे. दोन तबकड्या घेणाऱ्याचे मत दोनदा मोजले जाते, न घेऊ शकणाऱ्याचे एकदाही नाही. एकीच्या दोषाला बाजार म्हणून चालवून घ्यायचे आणि दुसरीच्या दोषावरून तिची नोंदच नाकारायची, याला न्याय म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता सगळे मोबाइलवर आहे, बारीतले नाचही यूट्यूबवर आहेत, लाखो लोक पाहतात, मग न मोजलेले राहिले काय? राहिले ते कलावंताचे नाव. प्रेक्षकाने चोरून काढलेल्या चित्रफितीखाली सिनेमाचे नाव असते, गाणारीचे नसते, पेटीवाल्याचे तर नसतेच. आकडा वाढतो तो फीत चढवणाऱ्याच्या खात्यावर. आणि यादीचे म्हणाल तर २०२१ मध्ये भारतीय रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या थाटात अधिकृत साप्ताहिक यादी सुरू केली. ती होती भारतात ऐकल्या जाणाऱ्या परदेशी गाण्यांची. मराठीसाठी सर्वांनी मानावी अशी दर आठवड्याची यादी आजही नाही.

ती लंडनच्या धर्तीवर करावी, असे मी म्हणत नाही. क्रमांकांची चुरस लागली की गाणे ज्याच्या हाती पैसा त्याच्या मागे जाते, हे गेल्या सत्तर वर्षांत दिसलेच आहे. पण एक काम होण्याजोगे आहे. चौफुल्यासारख्या ठिकाणी वर्षभर, हंगामासह आणि हंगामाविना, कोणती गाणी मागितली गेली, कोणती गायली गेली, चाल कुणाकडून आली, पारंपरिक लावणीचे कोणते शब्द कुणाला येतात, याची वही ठेवायची. भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ या पुस्तकातून, आणि सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्याच नावाच्या रंगमंचीय प्रयोगातून या बायकांना स्वतःच्या नावाने समोर आणले. त्यामुळे असे काम आदराने करता येते, हे सिद्ध झाले आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी केव्हाच ओलांडली होती. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणी आपल्या लावण्या बरोबर घेऊन गेल्या. वही लिहायची तर ती पार्टीच्या मालकिणीच्या ताब्यात असली पाहिजे, सांगणाऱ्या बाईला तिच्या वेळेचे पैसे मिळाले पाहिजेत, बैठकीत कोण आले याचा एक शब्दही तिच्यात येता कामा नये, आणि ज्या रात्री तिला लिहू द्यायचे नसेल त्या रात्रीचे पान कोरे राहिले पाहिजे. पुणे विद्यापीठ तिथून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे; विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला एका वर्षात हे काम सहज झेपेल.